अस्वलिणीचा मांसाहार

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक अस्वलीण राहत असे. तिला एकुलते एक पिल्लू होते. ते दिवसभर आईच्या पाठीवरच्या केसांत नख्या रुतवून बसायचे आणि आई नेईल तिकडे जायचे. पहाटे गळालेली मोहाची फुले, दुपारी वारुळातली वाळवी, मिळाले तर मधाचे पोळे, पुढे टेंभुर्णीची फळे, असा मायलेकरांचा बेत ठरलेला होता. वाळवी खाताना अस्वलीण वारूळ उकरून त्यात तोंड खुपसायची आणि इतक्या जोरात सुर्रकन ओढायची, की नाल्यापलीकडची माकडेही दचकत. मुलांनो, तुम्ही आमटी अशी ओरपलीत तर घरचे डोळे वटारतील. अस्वलांत मात्र तीच चांगली रीत समजतात.

एकदा मोहाचा हंगाम ऐन भरात असताना एक कावळा तिच्याशी गप्पा मारायला थांबला. हा कावळा जंगलाच्या कडेच्या शाळेत खिडकीवर बसायचा आणि कानावर पडेल ते रानभर सांगत सुटायचा. "आजचा धडा ऐकलास का?" तो म्हणाला. "माणूस म्हणे फार पूर्वी झाडपाला आणि फळं खाऊन राहायचा. मग तो मांस खायला लागला, त्याचा मेंदू मोठा झाला आणि तो सगळ्यांना भारी पडला!"

"आणि पुढे?" अस्वलिणीने विचारले.

"पुढे खिचडीची घंटा झाली," असे म्हणून कावळा उडून गेला.

अस्वलिणीच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. आपले लेकरू जगात मागे पडावे असे कोणत्या आईला वाटते? तिने पिल्लाच्या तोंडातले मोहाचे फूल काढून घेतले. "पुरे झाली ही फुलं," ती म्हणाली. "आजपासून आपण मांस खायचं. तू माणसासारखं हुशार होणार!" हुशार होणे म्हणजे काय हे पिल्लाला ठाऊक नव्हते. तोंडातले फूल गेले एवढेच त्याला कळले, आणि त्याने भोकाड पसरले.

त्या भागात शिकार करणारी वाघीण एकच होती. अस्वलीण पिल्लाला घेऊन तिच्या मागावर हिंडू लागली. आता तुम्हाला वाटत असेल की वाघिणीची रोज चंगळ असते. तसे काही नव्हते. वाघीण तासन् तास दबा धरायची आणि चितळ निसटून जायचे. मग वाघीणही उपाशी आणि तिच्या मागचे हे दोन जीवही उपाशी. चौथ्या दिवशी कुठे एक सांबर पडले. वाघीण पोटभर खाऊन बाजूला झाली तेव्हा अस्वलीण पुढे सरकली. आता, अस्वलांना वरचे मधले दोन दात मुळातच नसतात. त्या फटीतून वाळवी झकास ओढता येते, पण सांबराचे चिवट मांस तोडायला त्या फटीचा काय उपयोग? मायलेकरांनी ओढाओढ केली, धापा टाकल्या आणि मोठमोठे तुकडे न चावताच गिळले. अस्वलीण मनात म्हणाली, "शिकायचं म्हणजे थोडा त्रास व्हायचाच."

असे दहा-बारा दिवस गेले. तिकडे मोहाची फुले गळत होती आणि चितळे ती खाऊन टाकत होती. इकडे आईच्या अंगावरची चरबी उतरली आणि तिचे दूध आटत चालले. पिल्लाचे पोट फुगून टणक झाले. वाघिणीची दुसरी शिकार झाली त्या सकाळी पिल्लू आईच्या पाठीवरून घसरून खाली पडले, ते उठलेच नाही. नुसते कण्हत राहिले. ज्याला मोठे करायला आपण निघालो, तेच लेकरू हातचे जाते की काय, या भीतीने अस्वलीण मोठमोठ्याने रडू लागली.

जवळच्या झाडावर एक म्हातारे गिधाड आपली पाळी यायची वाट पाहत होते. त्याने चौकशी केली, तेव्हा अस्वलिणीने कावळ्याची सगळी हकिकत सांगितली.

"कावळ्याने अर्धाच धडा ऐकला," गिधाड म्हणाले. "उरलेला आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. माणूस मांसाकडे वळला, हे खरं. वाघा-तरसांनी टाकलेली हाडं तो दगडाने फोडायचा आणि आतला गर खायचा. पण म्हणून त्यानं कंद सोडले नाहीत, फळं सोडली नाहीत, मधही सोडला नाही. पुढे विस्तव हाती आल्यावर तो सगळं भाजून, मऊ करून, वाटून खायला लागला. हे व्हायला किती पिढ्या गेल्या असतील! आणि तू एका हंगामात उरकायला निघालीस? अगं, तुझ्या पूर्वजांनीही पिढ्यान् पिढ्या वाळवी खाल्ली, म्हणून तर तुला असं तोंड मिळालं."

ओढ्याच्या गार पाण्यात बसलेल्या वाघिणीने एक डोळा उघडला. "बाई गं, मला तरी कुठे पर्याय आहे?" ती म्हणाली. "माझ्या पोटाला दुसरं काही चालत नाही. एवढ्या रानात मी एकटी राहते, सख्ख्या बहिणीलासुद्धा हुसकावून लावते. का? तर एका वाघिणीला पुरायलाच एवढं रान लागतं. उद्या अस्वलं, माकडं, डुकरं, सगळीच सांबरामागे धावली, तर सांबरं उरतील का? मग मी काय खाऊ, आणि तुम्ही तरी काय खाल?"

"माझं चुकलं," अस्वलीण म्हणाली. "पण आता माझ्या लेकराचं काय करू?"

"त्याला बहाव्याच्या शेंगेतला गर चाटव, पोट मोकळं होईल," गिधाड म्हणाले. "आणि खालच्या दरीत जा. तिथला मोह उशिरा फुलतो."

अस्वलीण पिल्लाला तोंडात धरून धावत सुटली. दरीच्या वाटेवर तिने बहाव्याची शेंग फोडली आणि काळा, गोडसर गर पिल्लाला थोडा थोडा चाटवला. दुपार तिने तशीच त्याच्या उशाशी काढली. दिवस कलताना पिल्लाचे पोट साफ झाले, ते इतके साफ झाले की अस्वलिणीला बसायला दुसरी जागा शोधावी लागली. पण तिचा आनंद काय वर्णावा! पिल्लू हळूच उठले आणि भूक लागली म्हणून किरकिरू लागले.

पहाटे दरीतल्या मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. मायलेकरे खाली बसून खाऊ लागली. काही वेळाने पिल्लू खायचे थांबले. समोर अजून पुष्कळ फुले होती. आईने नाकाने ढकलून आणखी एक फूल त्याच्यापुढे केले, पण पिल्लाने तोंड फिरवले आणि तिच्या कुशीत शिरून झोपून गेले. अस्वलीण त्याच्याकडे बघतच राहिली. "मी तुला हुशार करायला निघाले होते," ती हळूच म्हणाली, "तू तर माझ्याहून शहाणं निघालंस." उरलेली फुले खायला चितळे आली, तेव्हा ती त्यांच्यावर गुरगुरली नाही. उलट त्यांना जागा व्हावी म्हणून, पिल्लाची झोप न मोडता, थोडी बाजूला सरकली.

तात्पर्य एवढेच : दुसरा जे खाऊन मोठा झाला, ते आपल्यालाही मानवेलच असे नाही. आपल्या शरीराला पचेल आणि आपल्या रानाला पुरेल तेच खावे, आणि पोट भरले की थांबावे.