उघड्या कोपऱ्याची गादी

पाय आत घ्या बघू पांघरुणात. हं! तर एका गावात काय झालं, दस्तगीर नावाचा एक पिंजारी होता. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या करणारा, बरं का. त्याची ती मोठ्ठी धनुकली, टंग टंग टंग! कापूस असा फुलायचा की विचारू नका. अख्खं गाव त्याच्या गाद्यांवर लोळायचं. आणि त्याची चिमुरडी जुलेखा? ती झोपायची गोणपाटावर!

मग एक दिवस नगरशेठने त्याला बोलावलं. म्हणाला, "हत्ती मावेल एवढी गादी कर." दस्तगीरने महिनाभर कापूस पिंजला. मनात एकच, मजुरी आली की जुलेखाला गादी.

आता त्याच्या घराण्याची एक रीत होती. मजुरी हातात पडली की मगच शेवटचा टाका. तोवर गादीचा एक कोपरा उघडा. पण शेठ म्हणाला, "मजुरी उद्या," आणि गादी नेली आत! मग उद्याचा झाला परवा, परवाचा झाला तेरवा. शेवटी म्हणतो कसा, "कसली मजुरी? दिली की!"

मग दस्तगीर गेला राणीच्या दरबारात. कोर्टच म्हणा ना. पहिल्या तारखेला शेठ म्हणाला, "दिली." दुसऱ्या तारखेला त्याचे दोन नोकर म्हणाले, "दिली, आम्ही पाहिली." दस्तगीरकडे ना कागद, ना साक्षीदार. घरी आला तर जुलेखा म्हणाली, "अब्बा, नको मला गादी. गोणपाट किती छान गुदगुल्या करतं!" बिचारं लेकरू.

तिसऱ्या तारखेला शेठला चेव आला. गादीच उचलून आणली! "बघा राणीसाहेब, याचं काम! कोपरा उघडाच!"

"का रे दस्तगीर?"

"मजुरी मिळाली की शेवटचा टाका, राणीसाहेब. माझा बाप पण असंच करायचा."

राणी पटकन उठली. आपली बसायची गादी उलटी करून पाहिली. तीही दस्तगीरनेच केलेली. चारी कोपरे बंद!

"शेठ, मजुरी दिली?"

"दिली!"

फुस्स! उघड्या कोपऱ्यातून कापसाचा पुंजका उडाला, बसला शेठच्या नाकावर.

"नक्की दिली?"

"दि... आक्छी! दिली!"

फुस्स! शेठला पांढरी दाढी!

"शेवटचं विचारते. दिली?"

"दिली, दिली!"

मग काय, सगळा कापूस बाहेर! शेठ गळ्यापर्यंत बुडाला. ए, हसू नका. "नाही दिली!" शेठ ओरडला. "नाही हो दिली!" तसा कापूस गुपचूप आत गेला, कोंबडीच्या पोटाखाली पिल्लं जातात ना, तसा.

राणी म्हणाली, "मजुरी द्या. आणि तीन तारखांना याचं काम बुडालं, त्याचेही पैसे द्या." शेठने तिथंच दिले. नोकरांनी कान पकडले. दस्तगीरने सुई काढली आणि घातला शेवटचा टाका.

मग जुलेखाची गादी झाली. मऊ मऊ, ढगासारखी. एक कोपरा राहिला आणि दस्तगीर थांबला. "माझी मजुरी?" जुलेखाने अब्बाच्या गालाचा पापा घेतला. मग टाका पडला.

जुलेखा झोपली, शेठ झोपला, राणीपण घोरायला लागली. आता तुम्ही. द्या बघू माझी मजुरी, इथे, गालावर. हं. झाला कोपरा बंद.