रैबाईची टकटक

फार वर्षांमागं, पांगडीच्या टेकडीवर सरकारनं लावलेला साग मोठा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात रैबाई टेकाम नावाची म्हातारी होती. विळ्याच्या मुठीनं ती खोडावर टकटक करायची, कान लावायची आणि झाड आतून कसं आहे ते सांगायची. तिची चाहूल लागली की अळ्या तोंडातला घास तोंडातच धरून गप बसत, असं म्हणतात.

एकदा जंगलखात्याचे मोठे साहेब येणार म्हणून जंगल राखणाऱ्या नाकेदार धोटेनं भर पावसाळ्यात फांद्या छाटल्या. झाडं कशी सरळ दिसली पाहिजेत!

"काहून कापता जी? जखमेतून पाणी शिरते, मागून बुरशी येते, तिच्या मागून अळी!" रैबाई ओरडली. पण ऐकतो कोण?

चार वर्षांनी साहेब पुन्हा आले, नाल्यावरच्या पुलासाठी लाकूड निवडायला. धोटेनं बुंध्यावरची अळंबी खरवडली, भोकं चिखलानं लिंपली, वर चुना फासला. साहेबांनी नेमका सगळ्यात जाड साग निवडला.

रैबाईनं टकटक केली. "पोकळ आहे जी. माणसं बुडतीन."

"भरीव निघालं तर जंगलात पाय ठेवायचा नाही!" धोटे कडाडला.

जंगलातली मोहफुलं वेचूनच तर म्हातारीची चूल पेटायची. तरी ती म्हणाली, "आन् पोकळ निघालं तर?"

"तर माझं डोकं ठोकून बघ!"

कुऱ्हाडीचे तीन घाव बसले आणि झाड फसकन बसलं. आतून सात बैलगाड्या भुसा निघाला, काकडीएवढ्या अळ्या निघाल्या, आणि अख्खी पांगडी तीन दिवस शिंकत होती, असं म्हणतात.

रैबाईनं धोटेची टोपी काढली, टकटक केली, कान लावला.

"काय म्हणतं?" साहेबांनी विचारलं.

"इथं अळीबी राहायची नाही जी. खायलाच काही नाही!"

साहेब हसून हसून खाली बसले. तेव्हापासून पांगडीच्या बायांना मोहफुलं वेचताना कुणी अडवत नाही.

आणि आजही नवा नाकेदार बदलून आला की पहिल्या दिवशी टोपी काढून पारावर बसतो. गावातली सगळ्यात म्हातारी बाई रैबाईचं नाव घेते, विळ्याच्या मुठीनं त्याच्या टाळक्यावर तीनदा ठोकते आणि कान लावते. ती "भरीव" म्हणाली, तरच त्याला गावात चहा मिळतो. एकाला म्हणे सात महिने मिळाला नव्हता.