पानदानाला मनाई हुकूम

रंगराव इनामदारांनी मैनाबाई गवळणीची म्हैस भरदिवसा सोडून नेली. फौजदार चोरीचा खटला भरणार, तोच इनामदारांनी न्यायाधीशांकडून मनाई हुकूम आणला: म्हैस कुणाची हे ठरेपर्यंत खटला भरायचा नाही. ठरायला म्हणे दहा वर्षं लागणार!

मैनाबाईनं तडक कचेरीत शिरून न्यायाधीशांचं चांदीचं पानदान लेकरासारखं कडेवर घेतलं.

"चोर! धरा हिला!" न्यायाधीश ओरडले.

"थांबा रावसाहेब," तिनं अर्ज पुढे केला. "मलाही मनाई हुकूम द्या. पानदान कुणाचं ते ठरेल दहा वर्षांत. तोवर पान मी खाते."

न्यायाधीशांना पानाशिवाय घटकाभरही दम निघेना. त्यांनी इनामदारांचा हुकूम तिथल्या तिथे रद्द केला.

पानदान परत मिळालं. आत दोन विडे कमी होते, पण त्याची फिर्याद करायला न्यायाधीश धजले नाहीत.