टुणीचं डबकं आणि लाल गाडीचा पाईप

ही गोष्ट मी सांगायची नाही. समोरच्या गॅरेजवाल्या मालनवहिनींनी बजावलंय. “गॅरेजमधलं गॅरेजमध्येच राहू दे गं,” म्हणाल्या. पण तुम्ही तर मांडी घालून बसलात. मग जवळ या. हळूच सांगते.

एक होती बेडकी. इवलीशी. तिचं नाव टुणी.

टुणीचं एक डबकं होतं. तेही इवलंसं. गॅरेजच्या अंगणात, नळाखाली. पाऊस कधीच परत गेला होता. सगळीकडे ऊन. नळाला पाणी फक्त सकाळी. पण टुणीचं डबकं होतं ना! टुणी आत जायची, डुबुक! टुणी वर यायची, बुडुक! पाठ ओली, पोट गार.

बेडकीची पाठ ओली हवी. पाठ सुकली, तर बेडकी संपली.

एक दिवस अंगणात एक गाडी आली. लाल, बसकी, दोनच दारांची. म्हातारी झाली होती, पण तोरा शर्यतीचा! वळताना मात्र कण्हायची, घूंऽऽ, घूंऽऽ! तिच्या स्टेअरिंगला तेल लागायचं. तेल पाईपमधून जायचं. आणि पाईप होता फुटका.

रंगा मिस्त्रीने पाईपला रबराची चिंधी बांधली. म्हणाला, “नवा पाईप आणलाय. उद्या बसवतो.” उद्या आला, गेला. गाडी उभी राहिली. अगदी डबक्यावर.

टिप्! टिप्! टिप्!

लाल लाल तेल डबक्यात पडलं. पाण्यावर रंग पसरले. हिरवा, जांभळा, सोनेरी. दिसायला किती छान! टुणी आत गेली, डुबुक!

“आई गं!” टुणी लगेच बाहेर. डोळे चुरचुरले. पाठ झोंबली. डबकं गेलं!

टुणी निघाली. टुण टुण टुण!

गेली गाडीकडे. गाडीच्या नाकावर झेंडूची माळ होती. त्या दिवशी दसरा होता ना!

“गाडीबाई, गाडीबाई!
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

गाडी म्हणाली, “एवढंसं डबकं नि एवढी मोठी तक्रार! मी गळायची थांबणार नाही. नवा पाईप चढू दे, मग बघू.”

टुणी निघाली. टुण टुण टुण!

नवा पाईप खिळ्याला लटकत होता. तारेची वेणी घातलेला. चकचक चकचक!

“पाईपदादा, पाईपदादा!
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

पाईप म्हणाला, “मी चढणार नाही. माझ्या टोकाला जोडणीचं फिटिंग नको? फिटिंग बसू दे, मग बघू. आणि लांब उभी राहा. वेणीला चिखल लागेल.”

टुणी निघाली. टुण टुण टुण!

फिटिंग बशीत बसलं होतं. निळं निळं, आट्यांचं.

“फिटिंगराव, फिटिंगराव!
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

फिटिंग म्हणालं, “मी आपणहून बसत नसतो. मला फिरवून बसवावं लागतं. पाना फिरू दे, मग बघू.”

टुणी निघाली. टुण टुण... टुण! थोडी दमली होती.

पाना पाटावर झोपला होता. पाटावर लाल कापड. पान्याला हळद, पान्याला कुंकू, पान्यावर एक झेंडू. शेजारी हातोडा. शेजारी पक्कड. सगळे नटलेले! पुढे पाण्याने भरलेला कलश.

टुणीने कलशाकडे पाहिलं. पाणी! पण कलश उंच. त्यावर नारळ.

“पानाकाका, पानाकाका!
फिटिंग बसेना,
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

पाना म्हणाला, “शूऽऽ! आज माझी पूजा आहे. वर्षभर राबतो. आज मी देव आहे. मी फिरणार नाही. मिस्त्री हातात घेऊ दे, मग बघू.”

टुणी निघाली. टुण... टुण... टुण!

रंगा मिस्त्री टायरवर बसला होता. नवा शर्ट घालून. कान कोरत.

“मिस्त्रीमामा, मिस्त्रीमामा!
पाना फिरेना,
फिटिंग बसेना,
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

मिस्त्री म्हणाला, “आज हत्याराला हात लावायचा नसतो, बाई. पूजा मांडलीय ना! पाना घेतला तर आमची मंडळी मला जेवायला वाढेल का? तिला पूजा हलवू दे, मग बघू.”

टुणी निघाली. टुण... टुण... पाठ तापली होती.

मालनवहिनी स्वयंपाकघरात होत्या. चुलीवर नाही, शेगडीवर भात होता. रटरट रटरट!

“मालनवहिनी, मालनवहिनी!
मिस्त्री पाना घेईना,
पाना फिरेना,
फिटिंग बसेना,
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

वहिनी म्हणाल्या, “अगं बाई, बेडूक! आज सगळ्यांना माझ्याच पायात यायचंय! दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, अक्षता टाकायच्या, मग पूजा हलते. असं मधेच कोण हलवतं? दही भातात जाऊ दे, मग बघू.”

टुणी निघाली. टुण... आणि थांबली. टुण... आणि थांबली.

दही खिडकीत होतं. पांढऱ्या वाडग्यात. घट्ट, गार. वर जाळी नव्हती.

“दह्या रे, दह्या!
वहिनी पूजा हलवेना,
मिस्त्री पाना घेईना,
पाना फिरेना,
फिटिंग बसेना,
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

दही म्हणालं, “मी भातात कसं जाऊ? ही बघ माशी. काठावर घिरट्या घालतेय. ती माझ्यात पडली, तर देवाला चालेल का? माशी जाऊ दे, मग बघू.”

टुणी निघाली. आता टुण नाही. आता नुसतं खरड्... खरड्... पाठ कोरडी. पोट कोरडं. जीभसुद्धा कोरडी.

वाडग्याच्या काठावर माशी होती. पाय चोळत होती.

“माशीताई, माशीताई!
दही भातात जाईना,
वहिनी पूजा हलवेना,
मिस्त्री पाना घेईना,
पाना फिरेना,
फिटिंग बसेना,
पाईप चढेना,
गाडी गळायची थांबेना,
माझं डबकं निवळेना.
पाठ माझी सुकली, मी जाऊ कुठे?”

माशी हसली. गुंऽऽ गुंऽऽ!

“मी कशाला जाऊ? मला काय कमी आहे इथे? तूच जा. सुकलेलं पान दिसतेस नुसतं! उडी तरी येते का?”

टुणीने माशीकडे पाहिलं. सगळ्यांना विचारून झालं होतं. आता पुढे कुणीच नव्हतं.

टुणीच्या पायात एकच उडी उरली होती. एकच.

टुणीने पाय मुडपले. श्वास घेतला.

टुणुक्!

लप्पकन् जीभ बाहेर.

गट्टम्!

माशी गेली, दही भातात गेलं.
दही भातात गेलं, वहिनींनी नैवेद्य दाखवला. अक्षता टाकल्या. पूजा हलवली.
पूजा हलली, मिस्त्रीने पाना घेतला.
मिस्त्रीने पाना घेतला, पाना फिरला. कर्र कर्र कर्र!
पाना फिरला, फिटिंग बसलं. घट्ट!
फिटिंग बसलं, पाईप चढला. खट्!
पाईप चढला, गाडीत नवं तेल गेलं. गुड गुड गुड!
नवं तेल गेलं, गाडी गळायची थांबली.

टिप् नाही. टिप् नाही. टिप् नाही.

आणि डबकं? डबकं निवळलं का?

नाही. तेल तसंच. रंग तसेच. हिरवा, जांभळा, सोनेरी.

तेवढ्यात गाडीचे साहेब आले. काळा चष्मा लावून. गाडीत बसले. स्टेअरिंग फिरवलं. घूंऽऽ नाही, काही नाही!

“वा, मिस्त्री!” साहेब म्हणाले. “एका बोटाने वळतेय की!”

“मग! मिस्त्री कोण आहे!” रंगा मिस्त्री म्हणाला.

साहेबांनी आपट्याची पानं काढली. दसऱ्याचं सोनं! मिस्त्रीला सोनं. वहिनींना सोनं. गाडीलाही एक पान, काचेपाशी. मिस्त्रीने फडक्याने पाईप पुसला. फिटिंग पुसलं. पान्याला पुन्हा कुंकू लावलं.

“सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!” सगळे सगळ्यांना म्हणाले.

टुणीला कुणी म्हणालं नाही. टुणी उडीसरशी खिडकीबाहेर, जास्वंदीखाली पडली होती. डोळे मिटून. तिथे थोडी सावली होती.

गाडी निघाली. चाक डबक्यात गेलं. छपाक्!

डबकं उडालं. सगळं. भिंतीवर, पायरीवर, धुळीत. उरला नुसता काळा डाग.

मग मालनवहिनी बाहेर आल्या. हातात पूजेचा कलश होता. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ देत नाहीत. ते झाडाला घालतात. वहिनींनी ते जास्वंदीला घातलं.

धबऽऽ धबऽऽ धबऽऽ!

जास्वंदीचं आळं भरलं. काठोकाठ. टुणी आळ्यातच होती. वहिनींना ती दिसलीही नाही. त्या रिकामा कलश घेऊन आत गेल्या.

टुणीने एक डोळा उघडला. मग दुसरा.

डुबुक!

बुडुक!

पाठ ओली. पोट गार. पाण्यावर रंग नाही, वास नाही. एक तांदूळ तेवढा तरंगत होता, हळदीचा.

पाणी गाडीने दिलं का? नाही.
पाईपने दिलं का? नाही.
फिटिंगने? नाही.
पान्याने? नाही.
मिस्त्रीने? नाही.
वहिनींनी? त्यांनी झाडाला दिलं.
मग टुणीला पाणी कुणी मिळवून दिलं?

टुणीने! एका उडीने.

लाल गाडी रस्त्याला लागली. आता तिला वळणं किती सोपं! एका बोटाचं काम. उजवीकडे वळली, डावीकडे वळली. नाक्यावर झोकात वळली.

पण मागे वळून एकदाही पाहिलं नाही.

टुणी अजून तिथेच राहते. आता ती कुणाला काही विचारत नाही. गाडी आली की नुसती बघते, कुठे उभी राहतेय ते. पण काय आहे, आळ्यातलं पाणी मुरतं. दुपारपर्यंत नुसता चिखल होतो. आणि वहिनी पुन्हा कलश ओतणार पुढच्या दसऱ्याला. म्हणून मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी, वहिनी आत असताना, हळूच फाटक उघडते आणि नळाखाली माझी पाण्याची बाटली...

“रेवतीऽऽ! अगं, आमचा नळ कुणी चालू ठेवला गं?”

आले, वहिनी, आले! आणि गोष्ट ऐकणाऱ्यांनो, तुम्ही कुणाला सांगू नका हं. तर मी बाटली भरते, आळ्यात ओतते, आणि टुणी मला बघून उडी मारते. डुबुक!