गोटूची शाळा

जंगलात नुकत्याच शाळा निघू लागल्या होत्या, त्या काळची ही गोष्ट. सुंदा नावाची एक खवल्या मांजरी होती. तिचं पिल्लू गोटू अनोळखी कोणी दिसलं, की अंगाची गुंडाळी करून चेंडूसारखं पडून राहायचं.

त्याला कुठल्या शाळेत घालावं, हे सुंदाला काही केल्या कळेना. साळिंदरीण म्हणाली, "अगं, मोराकडे घाल. चांगलं वळण लागेल." सशीण म्हणाली, "छे! कोल्हीणबाईंकडे घाल. हुशार होईल." सुंदाला दोघींचंही पटलं आणि ती जास्तच गोंधळली.

मोर गोटूकडे बघून म्हणाला, "आधी याला सरळ करा, मग आणा." कोल्हीणबाई म्हणाल्या, "ठेवून जा. संध्याकाळपर्यंत सरळ करून देते." ते ऐकून गोटू आणखीच घट्ट मिटला. रडवेली सुंदा त्याला उचलून निघाली.

वाटेत ओढ्याकाठी कासवाची शाळा लागली. कासवगुरुजींनी गोटूकडे पाहिलं आणि स्वतःचंच डोकं कवचात ओढून घेतलं. सुंदा बुचकळ्यात पडली. हे कसले गुरुजी?

बऱ्याच वेळाने गुंडाळीतून एक नाक बाहेर आलं. गोटू हळूच कवचापाशी गेला आणि त्याने टकटक केली.

"आत कोण आहे?"

"मी. बाहेर कोण आहे?"

"मी गोटू. तुम्हालापण भीती वाटते?"

"वाटते की. बस जरा माझ्याजवळ."

गोटू बसला. इथं शिकवतात तरी काय, हे सुंदाला विचारायचं होतं. ते न विचारताच ती एकटी घरी निघाली.