गेनूची पाण्याची सर्व्हिस

खडकवाडी गावात गेनू घुले नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो सांगितलं तसंच करायचा. कमी नाही, जास्त नाही. अडचण एवढीच व्हायची, की सांगणाऱ्याच्या मनात दुसरंच काहीतरी असायचं.

गेनू ग्रामपंचायतीत नळाला पाणी सोडायचा. आज कुठल्या आळीला किती वाजता, हे विचारायला दिवसभर बायका त्याच्या दारात. शेवटी सरपंच दौलतआबांनी ठरवलं, की लोकांनी फोनवर विचारावं आणि उत्तरही फोनवरच मिळावं अशी सोय करायची.

"गेन्या, हे जमवलंस तर तुला कायम करतो," आबा म्हणाले.

गेनूची बायको सगुणा आठ वर्षं या वाक्याची वाट बघत होती.

तालुक्याला तबस्सुम मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यांनी अशाच एका छोट्या सर्व्हिसचा नमुना कागदावर छापून दिला. अर्धा पायथन भाषेत, अर्धा जावास्क्रिप्टमध्ये. गेनू बिचकला. म्हणाला, मला एक मराठीच येते. मॅडम म्हणाल्या, भाषा कॉम्प्युटरला येतात, तुम्ही फक्त कागदावर आहे तसं उतरवा, काही सोडू नका.

गेनूनं चार दिवस ग्रामपंचायतीच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी उतरवलं. काही सोडलं नाही. कागदाच्या कोपऱ्यात मॅडमच्या कपाचा एक चहाचा डाग होता. तो कुठलं बटण दाबल्यावर येतो ते सापडेना. मग गेनूनं बशीतला घोटभर चहा लॅपटॉपच्या त्याच कोपऱ्यात जपून ओतला.

लॅपटॉप दुरुस्त होऊन यायला आठवडा गेला. मॅडमनी समजावलं, की नमुना म्हणजे नुसता नमुना असतो. त्यात 'अबक' लिहिलंय ना, तिथं आपल्या गावाचं नाव घालायचं. जिथं जिथं दिसेल तिथं.

गेनूनं हे पक्कं धरलं. प्रोग्राममधले सगळे 'अबक' काढून खडकवाडी घातलं. दुसऱ्या दिवशी शाळेची टाकी बघायला गेला, तर सातवीच्या फळ्यावर 'त्रिकोण अबक'. बरं झालं आपण आलो, असं म्हणून त्यानं ते पुसलं आणि 'त्रिकोण खडकवाडी' लिहिलं. गुरुजी परत आले तेव्हा सगळी सातवी गावाचे तीन कोपरे कुठले यावरून भांडत होती.

मॅडमनी फोन करून विचारलं, लिहून झालं का. झालं म्हणाला. मग आता चालवून बघा, असं त्या म्हणाल्या. दुपारी त्या स्वतः गावात आल्या, तर गेनू लॅपटॉप छातीशी धरून मारुतीच्या देवळाभोवती फिरत होता. घामानं निथळत होता. म्हणाला, सकाळपासून चालवतोय, पण दमायला फार होतं.

मॅडम पारावर टेकल्या. चिडल्या मात्र नाहीत.

"गेनूभाऊ, नीट ऐका. मूळ वस्तू जागेवर राहते. ती कधी हलवायची नाही. कुणी मागितली की तिची नक्कल पाठवायची. सर्व्हिस म्हणजे एवढंच."

गेनूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतकं सोपं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लॅपटॉप टेबलावर गेला, मॅडमनी चार बटणं दाबली, आणि सगुणानं घरून फोनवर सुतारआळीचं पाणी विचारलं. उत्तर आलं, साडेचार. साडेचारला गेनूनं पाणी सोडलंसुद्धा. सगुणा त्या पाण्यानं हंडा भरताना एकटीच हसत होती.

उद्घाटन ठरलं. जिल्हा परिषदेच्या अधिकारी कुमुदिनीबाई हर्षे येणार होत्या. बाई साध्या, एसटीनं फाट्यावर उतरणार. आबांनी गेनूला सायकलीवर पिटाळलं. सांगितलं, बाईंना घेऊन ये, खुर्चीवर बसव आणि हार घाल, मी मंडळींना घेऊन येतोच.

गेनू फाट्यावर गेला. बाई उतरल्या. गेनूनं वाकून नमस्कार केला, त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं, शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यावरचा फोटो चांगला मोठा करून काढला, ओळखपत्र परत दिलं आणि बाईंना सांगितलं, इथून अजिबात हलू नका. मग सायकलीला टांग मारून गावात आला.

काळापांढरा फोटो त्यानं पुठ्ठ्यावर चिकटवून ग्रामपंचायतीतल्या खुर्चीवर ठेवला. त्याला झेंडूचा हार घातला. सगुणानं हौसेनं आणलेल्या दोन उदबत्त्याही शेजारी लावल्या. छान दिसत होतं.

आबा मंडळींना घेऊन आत आले आणि दारातच थबकले. डोक्यावरची टोपी काढली. काल तर फोनवर धडधाकट बोलत होत्या, असं कुणीतरी पुटपुटलं. तबस्सुम मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी सांगितलं, की सगळ्यांनी दोन मिनिटं शांत उभं राहावं. सगळं गाव माना खाली घालून उभं राहिलं. गेनूही उभा राहिला, कारण तसं सांगितलं होतं.

तेवढ्यात दुधाच्या टेम्पोतून कुमुदिनीबाई उतरल्या. पदर झटकत आत आल्या. समोर खुर्चीवर त्यांचाच फोटो, फोटोला हार, आणि अख्खं गाव गप्प.

"काय झालं इथं?" बाईंनी हळूच विचारलं.

गेनूनं मान वर केली. बाईंना बघून त्याचा चेहरा पडला.

"बाई, तुम्ही कशाला आलात?" तो म्हणाला. "तुमचं सगळं व्यवस्थित उरकत आलं होतं."