सांडग्यांखालची काच

“माई, डोक्यावरून तेहतीस हजार व्होल्ट वाहत असताना ताटाएवढ्या काचेकडून वीज मागायची, हे शोभतं का?”

इंद्रजित वीज कंपनीतला नवा इंजिनिअर. धोंडामाईंचा मठ टेकडीवर, आणि मठाच्या अंगणाला लागूनच कंपनीचा खांब. खांबावर एक पेटी. तार तुटली की शहरातल्या ऑफिसला कळवायचं, एवढंच तिचं काम. तिच्यासाठी कंपनीने छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी दिली होती. असं म्हणत इंद्रजितने महिन्यापूर्वी दोन्ही उतरवून मठात ठेवली आणि पेटीला वरच्याच तारेची वीज जोडून दिली.

आज तो पुन्हा आला, तेव्हा माई ओसरीत बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या.

“मग आज तोंड का उतरलंय?”

“परवा तार तुटली. सात वाड्या दिवसभर विजेविना. आणि पेटीने चकार शब्द काढला नाही! उद्या मोठे साहेब येतायत. कारण सापडलं नाही, तर माझी पहिलीच नोकरी गेली म्हणून समजा.”

“पेटी बिघडली असेल.”

“छे! तीनदा तपासली. तुटलेली तार जोडल्याबरोबर पोपटासारखी बोलायला लागली.”

अडकित्ता थांबला...

माई उठल्या. “बस इथे. नीट मांडी घालून.”

इंद्रजित बाजेवर बसला.

“आता ही बाज उचल.”

“मी वर बसलेलो असताना?”

“इंजिनिअर ना तू?”

त्याने दोन्ही बाजूंनी बाज घट्ट धरली आणि ओढली. सुंभ करकरला. त्याचे कान लाल झाले. बाज तसूभरही हलली नाही. मग त्याने तोंड फिरवून दुसऱ्या बाजूने ओढून पाहिली.

माई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“थट्टा करता गरिबाची! बाजेवर बसून बाज कशी उचलेल कुणी? आधी खाली तर...”

तो थांबला.

वर तारेकडे पाहिलं. मग पेटीकडे...

हळूच खाली उतरला. एका हाताने बाज उचलली. अगदी सहज.

“माई... ते पॅनल कुठंय?”

“ती काच होय? अंगणात. तिच्यावर सांडगे झकास वाळतात.”

इंद्रजित खो खो हसत सुटला आणि तसाच अंगणाकडे धावला.

“अरे, आधी हातातली बाज उन्हात टाक,” माई म्हणाल्या. “सांडगे मी उचलून तिच्यावर टाकते.”